तार, तबकडी आणि ओवी

ओमान देशातील निझवा नगरीत दारिस नावाचा एक फलज वाहतो. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी उगम पावून, कोठे भुयारातून तर कोठे उघड्या पाटातून खजुरीच्या बागांपर्यंत आणलेले पाणी. असे सुमारे तीन हजार फलज त्या देशात आजही वापरात आहेत. त्यांतील पाच फलजांना युनेस्कोने 2006 साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आणि योग असा की, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट त्याच वर्षी त्याच यादीत दाखल झाला. ह्या स्मरणिकेच्या वाचकांना त्या घाटाच्या सोळा पायऱ्यांविषयी काही सांगण्याची आवश्यकता नाही.

फलजाचे पाणी मापाने वाटीत नाहीत, वेळेने वाटतात. दिवसा छाया पाहून आणि रात्री तारे पाहून प्रत्येकाची पाळी ठरविण्याची रीत तेथे शतकानुशतके चालत आली. ज्याची पाळी संपली त्याच्या बागेचे तोंड बंद होते, मग वाफा भरलेला असो वा नसो. तेव्हा ठरलेल्या वेळात किती पाणी पदरात पडेल, हा तेथील शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. बागेतील पाट कितीही रुंद खणला तरी पाणी तेवढेच येणार, कारण उगम आणि बाग यांच्यामधील सर्वांत अरुंद जागा जेवढे सोडील तेवढेच पुढे येते. निझव्याच्या शेतकऱ्याला हे जन्मतःच ठाऊक असते. मस्कतमध्ये चाळीस वर्षे राहिलेल्या एका मराठी गृहस्थांना मात्र ते 2024 च्या जानेवारीत, ऐंशी तासांच्या मुदतीत शिकावे लागले. आणि ते पाण्याच्या नव्हे, तर घरातल्या घरात एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाणाऱ्या फाइलींच्या बाबतीत.

हे गृहस्थ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. 1984 साली हिशेबनीस म्हणून मस्कतला आले. तेथे परदेशी माणसाचा वास्तव्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की बिऱ्हाड आवरावयाचे, हे प्रत्येकजण पहिल्या दिवसापासून जाणून असतो. त्या वर्षी त्यांची निवृत्ती जवळ आलेली होती. घरातील सामानाची यादी झाली होती. पलंग, कपाटे, भांडी यांची काय व्यवस्था लावावयाची हे काकूंनी ठरविले होते. राहिली होती ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात राउटरशेजारी ठेवलेली, शिंप्याच्या सुतांच्या डब्याएवढी एक काळी पेटी. तीत चार टेराबाइटची एक हार्ड डिस्क फिरत होती आणि घराची चाळीस वर्षे त्या डिस्कवर होती.

ह्याच सुमारास मॉरिशसहून एक पाहुणी आली. वय चाळिशीच्या आतबाहेर, व्यवसाय प्राथमिक शाळेत मराठी शिकविण्याचा. तिचे आणि गृहस्थांचे नाते सांगावयाचे तर पाच पिढ्या मागे जावे लागते. एकाच घरातील दोन भाऊ. धाकटा मुंबई बंदरातून गलबतात बसला आणि पुन्हा आला नाही. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आप्रवाशांच्या नोंदवह्यांतून पाहुणीने त्याचे नाव, बापाचे नाव आणि गाव शोधून काढले होते. त्या गावी जाऊन, देवघरापुढे डोके टेकून, परतीच्या वाटेवर ती बुधवारी सायंकाळी मस्कतला उतरली. रविवारी पहाटे तिचे विमान होते.

तिला हवी होती ती एक ओवी. आपल्या जुन्या मराठीत मॉरिशसला मोरस म्हणत आणि तेथून येणाऱ्या पांढऱ्या साखरेला मोरस साखर. गृहस्थांच्या आई जात्यावर बसल्या म्हणजे मोरसला गेलेल्या भावाची एक ओवी म्हणत असत, अशी गावात आठवण होती. जाते आता गोठ्याच्या पायरीला लागलेले आहे आणि आईही 1998 साली गेल्या. परंतु ती ओवी मस्कतला आहे, असे गावकऱ्यांनी पाहुणीला सांगितले होते.

ती तेथे कशी आली, हेही सांगितले पाहिजे. 1980 नंतरच्या दशकात आखाती देशांतून घरी टेलिफोन करणे ही चैन होती. पत्रे जात, पण ज्यांच्या घरी अक्षरओळख नसे, ती माणसे कॅसेटवर बोलून पाठवीत. सुट्टीवर गेलेला कोणी परत येताना लोणच्याच्या बरणीबरोबर दोन-तीन कॅसेटी घेऊन येई. ह्या माउलीने बारा वर्षांत सेहेचाळीस कॅसेटी मुलाला धाडल्या. तीत पाऊसपाण्याची वार्ता होती, म्हशीचे आजारपण होते, भाऊबंदकीचे गाऱ्हाणे होते, आणि बोलण्यासारखे संपले म्हणजे ओव्या होत्या. 2005 साली मुलाने त्या सर्व संगणकावर उतरवून घेतल्या. पुढे 2007 च्या जूनमध्ये गोनू वादळ आले. त्या वेळी बिऱ्हाड कुरमला तळमजल्यावर होते. वादीचे पाणी घरात शिरले आणि कॅसेटींचा खोका चिखलात बुडाला. तेव्हापासून माउलीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला. तो प्रथम एका संगणकात होता, मग दुसऱ्यात गेला, आणि 2015 पासून त्या काळ्या पेटीत होता.

पेटीतील एकूण ऐवज सुमारे अकराशे गिगाबाइटचा. त्यातील नऊशे गिगाबाइट म्हणजे लग्नामुंजींची आणि गावच्या शिमगोत्सवाची चलच्चित्रे. एकशे सत्तर गिगाबाइट छायाचित्रे व मोडी कागदांच्या प्रती, ज्यांची संख्या दोन लाखांवर भरत होती. आणि कॅसेटींचा आवाज केवळ तीस गिगाबाइट. पाहुणीने आपल्याबरोबर दोन टेराबाइटची एक छोटी डिस्क आणली होती. “काका, सगळेच द्या. आमच्याकडच्या मुलांना शिमगा दाखवीन,” असे ती म्हणाली. गृहस्थांना आनंद झाला. त्यांनी शयनगृहातील लॅपटॉपला तिची डिस्क जोडली, वाय-फायवरून पेटी उघडली आणि प्रत करावयास लावली.

पडद्यावर आकडा आला: सेकंदाला सहा मेगाबाइट. हिशेबनीस माणूस, त्यांनी लगेच भागाकार केला. एक्कावन्न तास लागणार होते.

येथे एका गोष्टीचा उलगडा करावा लागेल, कारण तिने पुष्कळांची दिशाभूल होते. दूरध्वनी कंपनी जेव्हा शंभरचा वेग सांगते तेव्हा ते शंभर मेगाबिट असतात. संगणक प्रत करताना जे दाखवितो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे कंपनीचे शंभर घरात साडेबारा होतात, आणि पत्त्याचिठ्ठ्यांचा खर्च वजा जाता हातात अकरा-साडेअकराच पडतात. ह्यात लबाडी कोणाचीच नाही. पण एकाने शेरात आणि दुसऱ्याने मणात बोलावे, तसा हा व्यवहार आहे. शिवाय घरातल्या घरात प्रत करताना कंपनीच्या त्या आकड्याचा काहीएक संबंध नसतो. पेटीतून निघालेली फाइल राउटरपर्यंत जाते आणि तेथूनच लॅपटॉपकडे वळते. ती घराचा उंबरठा ओलांडीतच नाही. महिन्याला अधिक रियाल भरून घरातील प्रतीचा वेग वाढविण्याची आशा धरणारे लोक मस्कतमध्ये आहेत, तसे ते पोर्ट लुईतही असतील.

गृहस्थांनी दोष पाहुणीच्या डिस्कला दिला. फिरत्या तबकडीची जुनी वस्तू, ती मंद असणारच, असा त्यांचा तर्क. गुरुवारी सकाळी रुवीच्या बाजारात जाऊन त्यांनी दोन टेराबाइटची एसएसडी विकत आणली. एसएसडीत तबकडी नाही, सुई नाही, फिरणारे असे काहीच नाही. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांच्या कल्पकतेतून 1980 नंतरच्या दशकात जी नॅन्ड जातीची स्मृती जन्मास आली, तिचेच हे वंशज. विद्युत्भार लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवावयाचा आणि लागेल तेव्हा वाचावयाचा. दुकानदाराने सेकंदाला पाचशे मेगाबाइटचा वेग सांगितला, आणि त्याचे सांगणे खोटे नव्हते. घरी आणून ती जोडली. आकडा आला: सहा.

काकू म्हणाल्या, “अहो, नळाला थेंब थेंब येतंय आणि तुम्ही खाली मोठा हंडा आणून ठेवलात.”

ह्याहून चांगले स्पष्टीकरण कोणत्याही तांत्रिक ग्रंथात सापडावयाचे नाही. पेटी, तिची डिस्क, तेथून राउटर, राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा हवेतील अथवा तारेतील मार्ग, लॅपटॉपची डिस्क अशी ही साखळी. आणि साखळीचा वेग तिच्या सर्वांत मंद कडीचा. पेटीतील नऊ वर्षांची डिस्कसुद्धा मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देत होती. अडथळा दोन सिमेंटच्या भिंतींचा होता. वाय-फायच्या लहरी भिंतीतून जाताना क्षीण होतात, आणि हवेचा एकच मार्ग सर्वांना आळीपाळीने वापरावा लागतो. शेजारच्या दहा बिऱ्हाडांचे राउटरही त्याच हवेत बोलत असतात. अशा वेळी डिस्क बदलणे म्हणजे पाय दुखत असता टोपी बदलणे.

शेजारी एक ओमानी तरुण अभियंता राहत असे. लहानपणी काकूंच्या हातच्या करंज्या खाल्लेला. तो सायंकाळी आला. त्याने लॅपटॉप दिवाणखान्यात आणला आणि अडगळीतून काढलेल्या एका तारेने राउटरला जोडला. आकडा सहावरून अकरावर गेला आणि तेथेच खिळून राहिला. गृहस्थांना तेवढ्यानेही समाधान झाले असते, कारण एक्कावन्न तासांचे अठ्ठावीस तास झाले होते. तरुण मात्र हसला. अकरा हा आकडाच चुगली करीत होता. शंभर मेगाबिटांच्या जोडणीची कमाल मर्यादा तीच. इथरनेटच्या तारेत आठ धागे चार जोड्यांनी पिळलेले असतात. हजार मेगाबिटांसाठी चारही जोड्या लागतात, शंभरासाठी दोन पुरतात. एखादी जोडी तुटली तर दोन्ही टोकांची यंत्रे निमूटपणे खालच्या वेगावर तडजोड करतात आणि तक्रार करीत नाहीत. अडगळीतील तारेचे एक टोक कधी काळी खुर्चीच्या पायाखाली चिरडले होते.

नवी तार जोडताच आकडा एकशे बारा झाला. हजार मेगाबिटांचे सैद्धांतिक एकशे पंचवीस मेगाबाइट होतात, त्यातून वाटखर्च वजा जाता एवढेच उरतात. नऊशे गिगाबाइटची चलच्चित्रे सव्वादोन तासांत उतरली. ह्या टप्प्यावर मंद कडी पुन्हा तारच होती, पण आता ती तक्रारीस जागा राहू नये इतकी वेगवान होती. पेटीत फिरती तबकडी असती काय किंवा एसएसडी असती काय, मोठ्या फाइलींच्या बाबतीत काडीचाही फरक पडला नसता. अडीच हजार मेगाबिटांची इथरनेट अलीकडे पुष्कळ घरांत येऊ लागली आहे; तेथे मात्र तबकडी मागे पडते आणि तार वाट पाहत बसते.

(तारेचा आणि ओमानचा संबंध मात्र जुना आहे. 1864 साली हिंदुस्थान आणि विलायत यांना जोडणारी समुद्रतार आखातातून टाकली गेली, तेव्हा मुसंदमच्या खाडीतील एका उघड्या खडकावर तारायंत्राचे ठाणे बसविले होते. उन्हाने आणि एकांताने तेथील माणसे टेकीस येत. चार-पाच वर्षांतच ते ठाणे उठले. खडकाला मात्र अजूनही टेलिग्राफ बेट म्हणतात.)

शुक्रवारी सकाळी छायाचित्रांची पाळी आली आणि आकडा एकशे बारावरून नवावर उतरला. तार तीच, पेटी तीच, एसएसडी तीच. गृहस्थांनी तारेची दोन्ही टोके काढून पुन्हा बसविली, व्यर्थ. येथे पहिल्यांदा डिस्कची जात प्रश्नात आली, आणि हा भाग सविस्तर पाहण्यासारखा आहे.

फिरती डिस्क म्हणजे तत्त्वतः ग्रामोफोनच. 1956 साली आयबीएम कंपनीने पहिले असे यंत्र बाजारात आणले. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या मिनिटाला बाराशे फेरे घेत. वजन टनावर, आणि मावणार काय, तर पन्नास लाख अक्षरे. माउलीची एक तासाची एकच कॅसेट साठविण्यास अशी दीडशेहून अधिक यंत्रे लागली असती. आज तीच वस्तू तळहातावर मावते. पण तबकडी अजूनही फिरते आणि सुई अजूनही सरकते. पेटीतील डिस्क मिनिटाला चोपन्नशे फेरे घेणारी होती. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे अकरा हजारांश सेकंद. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, त्यापूर्वी सुईला योग्य वर्तुळावर सरकावे लागते, आणि त्यासही तितकाच किंवा अधिक वेळ जातो. एक मोठी फाइल असेल तर ही यातायात एकदाच. दोन लाख लहान फाइली असतील तर दोन लाख वेळा. नव्हे, त्याच्या कित्येक पट. कारण प्रत्येक फाइलीचे नाव एका जागी, तिची माहिती दुसऱ्या जागी आणि प्रत्यक्ष मजकूर तिसऱ्या जागी असतो. शिवाय प्रत्येक फाइलीमागे पेटी आणि लॅपटॉप यांच्यात ‘उघडू का’, ‘उघड’, ‘वाचू का’, ‘वाच’, ‘मिटू का’, ‘मीट’ असा संवाद होतो तो वेगळाच. गृहस्थांच्या पेटीतून सेकंदाला जेमतेम अकरा छायाचित्रे निघत होती. बायका विहिरीवर पाण्याला गेल्या आणि घागरीऐवजी वाटी घेऊन गेल्या, तर पाण्यापेक्षा पायांचेच श्रम अधिक, तसे हे.

एसएसडीत सुई नसल्यामुळे ही पायपीट जवळजवळ नाहीशी होते. कोणताही कप्पा उघडण्यास सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाइतकाच अवकाश लागतो. पेटीत एसएसडी असती तर ह्याच तारेवरून हीच छायाचित्रे पुष्कळच लवकर आली असती. पण एसएसडी प्रवाहाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि दुसऱ्या टोकाची चपळाई पहिल्या टोकाच्या उपयोगी पडत नाही. सर्व छायाचित्रांचे आधी एक गाठोडे बांधावे आणि मग ते पाठवावे, अशी युक्ति तरुणाने सांगितली आणि स्वतःच मागे घेतली. त्याने यंत्रांचा संवाद वाचतो खरा; परंतु गाठोडे बांधतानाही सुईला तितक्याच उड्या माराव्या लागतात. सव्वापाच तास लागले. त्या वेळात काकूंनी पाहुणीला मतरहच्या सूकमधून फिरवून आणले आणि घरी येऊन आंबोळ्या केल्या.

उरला कॅसेटींचा आवाज. तीस गिगाबाइट, ह्या तारेवरून साडेचार मिनिटांचे काम. सर्वांत मोलाची गोष्ट गृहस्थांनी शेवटास ठेवली होती, ती लहान म्हणून. सातव्या कॅसेटीपर्यंत सर्व ठीक चालले. आठवीला आकडा घसरला, शून्यावर गेला, पुन्हा किंचित हलला. कोपऱ्यातील पेटीतून टक्, टक् असा आवाज येऊ लागला.

गृहस्थ पुन्हा तारेकडे वळले. “अंकल, तारेला हात लावू नका. पेटी बंद करा,” असे तो तरुण त्याच्या आखाती हिंदीत म्हणाला. आतापर्यंतच्या प्रत्येक मंदपणाला एक निरुपद्रवी कारण होते. ह्याला नव्हते. डिस्कच्या पृष्ठावरील काही कप्पे वाचता येईनासे झाले होते. असा कप्पा लागला म्हणजे डिस्क हार मानीत नाही. ती तोच कप्पा पुन्हा पुन्हा वाचू पाहते, सुई मागे नेते, पुढे आणते. बाहेरून पाहणाऱ्याला तेवढाच वेग मंदावलेला दिसतो. फिरती डिस्क पुष्कळदा अशी कण्हत मरते. एसएसडी बऱ्याच वेळा काही न बोलता एकाएकी मरते. कोणते मरण बरे, ह्याविषयी जाणत्यांतही मतभेद आहेत.

कारण कोणते, हे निश्चयाने सांगता येण्यासारखे नव्हते. नऊ वर्षे हे डिस्कच्या आयुष्यात म्हातारपणच. शिवाय दर उन्हाळ्यात कुटुंब गावी जाई तेव्हा वातानुकूलन बंद आणि पेटी मात्र चालू असे. ओमानचा उन्हाळा ही काय वस्तू आहे हे सांगण्यास एकच दाखला पुरे: 2018 च्या जूनमध्ये मस्कतच्या दक्षिणेस कुरियात येथे पूर्ण चोवीस तासांत पारा 42.6 अंशांच्या खाली उतरलाच नाही. रात्रीसुद्धा नाही. घराची स्मृती आपण कोठे ठेवतो, याचा विचार हिशेबवह्या लोखंडी कपाटात ठेवणाऱ्या माणसालाही सुचला नव्हता.

शुक्रवार संध्याकाळपासून मग निराळेच काम सुरू झाले. तरुणाने डिस्क पेटीतून काढली आणि थेट लॅपटॉपला जोडली. घरातील जाळ्याचा आता संबंध उरला नाही. अशा प्रसंगासाठी डीडीरेस्क्यू नावाची एक आज्ञावली आहे. तिची रीत शहाण्या वैद्याची आहे. नेहमीची प्रत करणारी आज्ञावली खराब कप्प्यापाशी हट्ट धरून बसते. ही तो कप्पा टिपून ठेवते, पुढे जाते, आधी सर्व निरोगी भाग सुखरूप बाहेर काढते, आणि मग मागे राहिलेल्यांकडे एकेक करून परतते. न जाणो, हट्टापायी डिस्कच बंद पडली तर निरोगी भागही गेला, म्हणून हा क्रम. रात्री दहापर्यंत अडतीस कॅसेटी बाहेर आल्या. उरलेल्या आठांसाठी डिस्क रात्रभर टकटकत होती. गृहस्थ आरामखुर्चीत बसून राहिले. पाहुणीही झोपली नाही. काकूंनी दोनदा चहा केला, आणि एरवी रात्री चहाला नको म्हणणाऱ्या गृहस्थांनी तो दोन्ही वेळा घेतला.

शनिवारी सकाळी आठास हिशेब झाला. सेहेचाळीसांपैकी त्रेचाळीस अखंड, दोन सच्छिद्र, एक, ऐकण्याच्या पलीकडे गेलेली. ती 1991 च्या पावसाळ्यातील होती. तीत काय होते हे गृहस्थांना आठवत होते आणि ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

ओवी होती ती कॅसेट दोन सच्छिद्रांपैकी एक. येथे एका योगायोगाने हात दिला. 2005 साली आवाज उतरविताना गृहस्थांना तो दाबून लहान करण्याची विद्या माहीत नव्हती, म्हणून त्यांनी तो कच्च्या, अवजड रूपातच ठेवला होता. ह्या रूपात एका सेकंदाला एक लाख शहात्तर हजार चारशे बाइट लागतात. डिस्कचा एक कप्पा चार हजार शहाण्णव बाइटांचा. म्हणजे एक कप्पा गेला तर सेकंदाचा त्रेचाळिसावा भाग जातो, आणि बाकीचा आवाज जागच्या जागी राहतो. ह्या कॅसेटीतील एकशे एकोणतीस कप्पे वाचले गेले नव्हते. नेमके तीन सेकंद.

लॅपटॉपवर ती लावली. प्रथम जात्याची घरघर, मग कोठेतरी कोंबडा, मग आवाज. मोरसच्या भावाची ओवी तिसरी होती. दुसऱ्या चरणाच्या अखेरीस आवाज तुटला. तीन सेकंद निःशब्द गेले. आणि जाते पुन्हा फिरू लागले. पाहुणीने पुन्हा लावली. पुन्हा तसेच. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंनी, सासूबाईंच्या हाताखाली चार पावसाळे त्याच जात्यावर काढलेल्या, तो राहिलेला शब्द सहज म्हणून दाखविला. “गलबताचं नाव आहे ते. आम्हाला वाटायचं, देवाचंच असेल,” असे त्या म्हणाल्या. पाहुणीने नोंदवहीची छायाप्रत पर्समधून काढून पाहिली. गलबताच्या रकान्यात इंग्रजी नाव होते. कोकणी जिभेने त्याचे जे केले असते, तेच काकूंच्या शब्दात होते. तिने वहीत तो शब्द लिहून घेतला, खाली काकूंचे नाव आणि तारीख घातली.

दुपारी दुसरी प्रत करावयास घेतली. एसएसडी पाहुणीने न्यावी असा गृहस्थांचा आग्रह होता. तिचा आग्रह आपल्याच डिस्कचा. शेवटी ठरले की दोन्हींवर भरावे आणि एक येथे ठेवावी. तिची छोटी डिस्क प्रारंभी शंभरच्या वेगाने भरू लागली आणि थोड्याच वेळात तिसावर आली. गृहस्थांचा चेहरा उतरला. तरुणाने त्यांना धीर दिला. स्वस्त आणि अधिक मावणाऱ्या काही डिस्कांत लेखनाची वर्तुळे कौलांसारखी एकावर एक चढवून बसविलेली असतात. कौलारू घर ज्याने शाकारले आहे त्याला पुढचे सांगावयास नको: मधले एक कौल बदलावयाचे तर त्यावरची ओळ आधी उचलावी लागते. म्हणून अशी डिस्क प्रथम एका मोकळ्या पडवीत भराभर माल उतरवून घेते, आणि पडवी भरली की मंदावते. स्वस्त एसएसडीचाही थोडासा असाच प्रकार असतो. ह्यात रोग नाही. जातीचा स्वभाव आहे. गृहस्थांना कोकणातले छप्पर आठवले आणि पटले.

रात्री दहाला प्रत पूर्ण झाली. दोन्हीकडील फाइली अक्षराला अक्षर जुळतात की नाही हे तपासण्यास आणखी तीन तास गेले. दोन छायाचित्रे जुळली नाहीत, ती पुन्हा उतरविली. अडीचला टॅक्सी आली. पाहुणीने डिस्क सामानात न टाकता हातातील पिशवीत, काकूंनी दिलेल्या करंज्यांच्या डब्याखाली ठेवली. “पोचलीस की कळव गं, आणि डिस्क उन्हात ठेवू नकोस,” असे गृहस्थ जिन्यातून म्हणाले.

जुनी डिस्क त्यांनी टाकली नाही. त्या 1991 च्या कॅसेटीपुरती ती मुंबईच्या एका जाणकाराकडे पाठवावी काय, ह्याची चौकशी त्यांनी सोमवारी केली. खर्च बराच होता. त्यांनी तो मान्य केला.